संमती की शरणागती?

वाटमारीचा खटला चालतो तेव्हा फिर्यादीस कोणी असे विचारीत नाही की, तुझ्या अंगावर जखमा नाहीत, तेव्हा पैसे तू राजीखुशीने दिलेस असे का समजू नये? हा प्रश्न आमच्या न्यायपद्धतीने बलात्काराच्या फिर्यादीसाठीच जणू राखून ठेवला होता. गिरडच्या एखाद्या मजूर स्त्रीची फिर्याद उद्या अपिलात गेली तर ती नागपूर खंडपीठापुढे जाईल. आणि या प्रश्नाचे मर्म ज्या खटल्यात उघडे पडले, तोही त्याच खंडपीठापुढे चालला होता.

२६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका पोरक्या आदिवासी मुलीस जबानीसाठी आणले होते. डॉक्टरांच्या अंदाजाने तिचे वय १४ ते १६ वर्षांचे. (तिचे नाव जगजाहीर झाले आहे, आम्ही ते लिहीत नाही.) जबानी संपल्यावर सोबतची माणसे बाहेर काढण्यात आली, दार आतून बंद झाले, दिवे मालवले गेले. दोघा पोलिसांवर खटला झाला. १९७४ साली सत्र न्यायालयाने, मुलीस शरीरसंबंधाची सवय होती असे म्हणून दोघांस सोडले. १९७६ साली नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरविला. भयाने गात्रे सैल पडणे निराळे आणि मनापासून राजी होणे निराळे, आणि परक्या पोलिसांशी त्या स्थितीत ती आपण होऊन संबंध ठेवील हे संभवत नाही, हा त्या निकालाचा गाभा होय. परंतु १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर जखमा नाहीत व तिने आरडाओरड केली नाही, एवढ्यावरून प्रतिकाराची हकीकत खोटी ठरवून दोघांस मोकळे केले. आम्ही विचारतो, ज्या ठाण्यात दाद मागावयाची त्याच ठाण्यात तिने कोणास हाक मारावयाची होती?

१९७९ च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या चौघा कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांस उघडे पत्र लिहून संमती व शरणागती यांतील भेद दाखवून दिला. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीशी संबंध झाल्याचे सिद्ध झाले व माझी संमती नव्हती असे तिने शपथेवर सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले. आरोपी निर्दोष मानावा या तत्त्वास यामुळे बाध येतो अशी काही वकीलबंधूंची तक्रार आहे. आमच्या मते ती पोकळ आहे. संबंध सिद्ध करण्याचा भार सरकारपक्षावरच राहतो, आणि आरोपीस उलट पुरावा देण्याची मुभा आहे. २०१३ साली तर, केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती दिली असे समजू नये, असे कायद्याने स्पष्टच म्हटले, आणि स्त्रीवर वर्चस्व असणाऱ्या माणसासही त्या गृहीतकात ओढले. म्हणजे शेतमालक व मजूर स्त्री यांचे नातेही आता न्यायालयास पाहावे लागेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत व साक्ष्य अधिनियमात हीच तत्त्वे कायम आहेत.

वर्धेकरांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. दोन बोटांनी तपासून स्त्री 'सवयीची' आहे असा शेरा मारण्याची जी किळसवाणी वैद्यकीय चाल होती, तिच्याविरुद्ध २०१० साली सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी सविस्तर अहवाल लिहिला, आणि डॉ. रंजना पारधी यांनी नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. पुढे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती तपासणी स्त्रीच्या प्रतिष्ठेस बाधक ठरविली, आणि २०२२ साली ती करणाऱ्यास गैरवर्तनाचा दोषी मानण्याचे बजावले.

राहता राहिली उलटतपासणी. संमती सिद्ध करण्यासाठी स्त्रीच्या पूर्वचारित्र्याविषयी प्रश्न विचारण्यास कायद्याची बंदी आहे. परंतु तोंडातून गेलेला प्रश्न साक्षीदाराच्या पिंजऱ्यातील बाईच्या कानी पडतोच, आणि मागून तो नोंदीतून वगळल्याने तिची मान वर होत नाही. सरकारी वकिलाने त्याच क्षणी उठून हरकत घेतली पाहिजे. आणि न्यायाधीशांनी त्या हरकतीची वाट पाहत बसता कामा नये.