शेवटच्या वर्षातला ‘सी’

डिसेंबर संपत आला की माझा फोन वाजू लागतो. मी न्यू जर्सीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि आसपासच्या मराठी घरांत ‘मेडिकलचं काकूंना विचारा’ असं कधीतरी ठरून गेलंय. प्रश्नही ठरलेला. पोरगी हुशार, जूनमध्ये अर्ज गेलेत, आणि आता बायोकेमिस्ट्रीत ‘सी’. संपलं का सगळं?

आईवडिलांच्या डोक्यात आपल्याकडची ‘नीट’ असते. तिथे बारावीला खुल्या गटाला विज्ञानाच्या तीन विषयांत मिळून 50 टक्के पडले की पात्रतेचं भागतं. पुढे बोलतात ते एका परीक्षेचे गुण. इथे एमकॅट ही प्रवेशपरीक्षा असते, पण तिच्या जोडीला कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरपासूनचा एकूणएक विषय अर्जात भरावा लागतो. बहुतेक एमडी कॉलेजांचे अर्ज ‘ॲमकास’मार्फत जातात. ती यंत्रणा प्रत्येक ओळ अधिकृत गुणपत्रकाशी ताडते आणि जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, स्वतः काढते: विज्ञान-गणिताचा निराळा, इतर विषयांचा निराळा, शिवाय वर्षवार. विषय पुन्हा घेतला तरी जुनी ग्रेड पुसत नाही, दोन्ही धरतात.

आता हिशेब करू. 100 क्रेडिटवर 3.80 असलेल्या मुलीला चार क्रेडिटचा ‘सी’ मिळाला, तर जीपीए 3.73 होतो. यात कोणी बुडत नाही. खटकतं ते ग्रेड कधी आली हे. पहिल्या वर्षी अडखळून पुढे सावरलेली मुलगी प्रवेश समितीला आवडते; उतरता आलेख पाहून समिती विचारात पडते.

अर्ज पडताळून झाला की ॲमकास जीपीए पुन्हा काढत नाही. हे कळल्यावर एका वडिलांनी हळूच विचारलं, “मग सांगायचंच कशाला?” कारण अंतिम गुणपत्रक प्रवेशाआधी मागतातच, आणि मिळालेला प्रवेशही तोवर सशर्तच असतो. बायोकेमिस्ट्री सक्तीची असेल, तर बऱ्याच ठिकाणी ‘सी’ चालतो, ‘सी मायनस’ चालत नाही. ‘सी मायनस’ आला असेल तर उन्हाळ्यात विषय पुन्हा घ्यावा लागतो.

कॉलेजांना पत्राने कळवायचं ते मोजकं. एका मुलीने दोन पानं लिहून आणली होती: आजीचं आजारपण, रूममेटची भांडणं, प्राध्यापकांचा वेग. मी काट मारत गेले. उरलं एवढंच: बायोकेमिस्ट्रीत ‘सी’ आला, दुसऱ्या मिडटर्मच्या वेळी मी आजारी होते, स्प्रिंगमध्ये फिजिऑलॉजी घेतली आहे, ग्रेड मे महिन्यात कळवीन. पण काही कॉलेजं अशी पत्रं घेतच नाहीत, म्हणून आधी त्यांचे नियम वाचावेत.

तिसऱ्या वर्षाच्या स्प्रिंगमध्येच घसरण झाली असेल आणि अर्ज अजून गेला नसेल, तर मी स्पष्ट सांगते: एक वर्ष थांबा. ‘वर्ष वाया’ हे ऐकून मी कंटाळले आहे. कॉलेज संपवून थेट मेडिकलला जाणारे इथे आता निम्म्याहून कमी आहेत.

आणि पालकांनो, ॲडमिशन ऑफिसला फोन तुम्ही करू नका. मुलांच्या अर्जाबद्दल ते सहसा तुमच्याशी बोलणार नाहीत. मुलीलाच करू द्या. त्याआधी तिला तिच्या कॉलेजातल्या प्री-मेड सल्लागाराकडे पाठवा.