रक्तशुद्धीवरील रोग्याचे पोषण कसे ओळखावे?

मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे मनुष्याचे दिवस भरले, अशी आमच्या लहानपणी समजूत होती. आणि आमच्या पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावी ती खोटीही नव्हती. वास्तविक हॉलंडातील कांपेन या गावी डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली, देशावर जर्मनांचा अंमल असता, लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड सिद्ध केले होते. पहिले कित्येक रोगी दगावले. पुढे १९४५ साली ६७ वर्षांच्या एक बाई त्या यंत्राने वाचल्या. आपल्याकडे सामान्य लोकांच्या कानी डायलिसिस हा शब्द पडला तो बहुतांशी जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. १९७५ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या जसलोक रुग्णालयात दाखल झाले आणि १९७९ च्या ऑक्टोबरात देह ठेवीपर्यंत याच उपचारावर होते. आता २०१६ साली निघालेला केंद्राचा डायलिसिस कार्यक्रम आणि महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची राज्याची आरोग्य योजना यांच्या योगे मध्यम स्थितीच्या कुटुंबासही हा उपचार झेपू लागला आहे. पारोळ्याहून धुळे सुमारे ३५ किलोमीटर. पहाटेच्या गाडीत हाताला पट्टी बांधलेला एखादा तरी प्रवासी हटकून दिसतो.

परंतु यंत्र रक्त धुते, पोट भरीत नाही. रक्त धुताना विषाबरोबर काही सारही वाहून जाते. एका बैठकीत सहा ते बारा ग्रॅम अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, रोग्याच्या अंगातून निघून जातात असे तज्ज्ञ सांगतात. ती भरपाई कोठून व्हावयाची, हा प्रश्न आमच्या घरात आठ महिने कोणी विचारलाच नाही.

घरची गोष्ट चारचौघांत सांगावयास संकोच वाटतो. तथापि ज्या घरांत असा रोगी आहे त्यांस ती उपयोगी पडेल म्हणून सांगतो. आमच्या कनिष्ठ बंधूंची मूत्रपिंडे प्रथम दुर्बळ झाली तेव्हा डॉक्टरांनी प्रथिने कमी करण्यास सांगितले. दर किलो वजनामागे सुमारे ०.६ ग्रॅम, असा तो हिशोब. त्या अवस्थेत तो योग्यच होता. आमच्या भावजयीने आहाराचा कागद स्वयंपाकघरातील फडताळाच्या दारास आतून चिकटविला आणि तो वेदवाक्य मानून चालविला. वरण पातळ झाले, दूध चहापुरते उरले, उसळी बंद झाल्या. पुढे डायलिसिस सुरू झाले. येथे नियम पालटतो, नव्हे उलटा होतो: आता दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत. कागद मात्र फडताळावर तसाच राहिला. कोणी काढा म्हणून सांगितले नाही, आणि आम्हीही कोणास विचारले नाही. आयुष्यभर मुलांस ‘प्रश्न विचारा’ म्हणून सांगणाऱ्या मास्तराच्या घरी हे घडले, हे नमूद केले पाहिजे.

गंमत अशी की, सारी चिन्हे आम्हांस अनुकूलच दिसत होती. वजनकाटा दर खेपेस ६२ किलो दाखवी. रक्तातील क्रिएटिनिन ९ वरून ६ वर उतरले होते. पेढे वाटावयाचे तेवढे राहिले होते.

एके दिवशी धुळ्याच्या केंद्रात आहारतज्ज्ञ बाई आल्या. आपल्या वैद्यकात रोगिपरीक्षेचे दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न असे तीन मार्ग सांगितले आहेत. बाईंनी ते माहीत असो वा नसो, तेच अवलंबिले. प्रथम प्रश्न. सहा महिन्यांत कपडे सैल झाले का? अन्नाचा वास नकोसा होतो का? जिन्याच्या किती पायऱ्या दमाशिवाय चढता? काल सकाळपासून काय काय खाल्ले ते भांड्याच्या मापाने सांगा. मग दर्शन. कानशिलाजवळ खळगा पडला होता, गळ्याजवळचे हाड वर आले होते. मग स्पर्शन. डोळ्याखालची चरबी बोटाने दाबून पाहिली. अंगठा व तर्जनी एकत्र दाबावयास सांगून त्यांच्या मधला स्नायू चाचपला. निरोगी माणसात तेथे उंचवटा येतो. बंधूंच्या हातावर ती जागा सपाट होती. शेवटी ज्या हातात डायलिसिससाठी शीर जोडलेली नाही त्या हाताच्या दंडाचा घेर फितीने मोजला. तोही पाणी काढून झाल्यावर, आधी नव्हे.

या पद्धतीस टोरोंटोच्या वैद्यांनी १९८७ च्या सुमारास नीट स्वरूप दिले. तीत अ, ब, क अशा श्रेणी असतात. आमच्या बंधूंस ‘ब’ मिळाला. परीक्षेत ‘ब’ म्हणजे ठीक असे आम्ही समजलो. बाईंनी सांगितले, ‘क’ कडे निघालेला ‘ब’ आहे.

मग काट्याचे काय? तेथेच सारी फसगत होती. डायलिसिसवरील रोग्याच्या वजनात मांस, चरबी आणि साठलेले पाणी यांची सरमिसळ असते. जास्तीचे पाणी काढल्यावर उरते ते कोरडे वजन. बंधूंचे मांस हळूहळू झडत होते आणि तितकेच पाणी त्याची जागा घेत होते. वहीत मात्र कोरडे वजन आरंभीचेच ६२ लिहिलेले. खरे वजन ५८ च्या आसपास भरले. रात्री उशी उंच लागणे, पावले सुजणे आणि सदरा गळ्याशी सैल होणे, ही तिन्ही लक्षणे आम्ही रोज पाहत होतो; त्यांचा एकमेकांशी संबंध कोणी लावला नाही.

क्रिएटिनिनची गोष्ट याहून मौजेची, किंबहुना भीतीची. ते स्नायूंतून निघते. मूत्रपिंडे चालू असताना ते कमी होणे शुभ. पण यंत्रावरील माणसात ते महिनोन्‌महिने घसरू लागले तर स्नायूच आटत आहेत अशी शंका घ्यावी. युरियाचेही तसेच; न खाणाऱ्याचा युरिया कमीच दिसणार. रक्तातील अल्ब्युमिन हा पदार्थ अधिक विश्वासाचा मानतात. ३.८ च्या खाली तो राहू लागला की वैद्य सावध होतात, बंधूंचा ३.३ होता. तथापि अंगात कोठे दाह वा जंतुसंसर्ग असला तरी अल्ब्युमिन उतरते, म्हणून एकट्या आकड्यावर निकाल देऊ नये. हे ओळखूनच २००८ साली मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने रक्त, देहाचे वजन, स्नायू आणि आहार अशा चार अंगांनी पाहावे असे ठरविले. तीन महिन्यांत शेकडा ५ किंवा सहा महिन्यांत शेकडा १० वजन आपोआप उतरणे हे त्यांनी धोक्याचे लक्षण गणले आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांस प्रथम पटेना. सामान्यतः सडपातळ मनुष्य दीर्घायुषी असे आपण म्हणतो. पण या रोग्यांत किंचित स्थूल माणसे कृश माणसांहून अधिक जगतात असे पुष्कळ देशांत दिसून आले आहे.

आता स्वयंपाकघर. बाईंनी आदल्या दिवसाचा हिशोब केला तो ३० ग्रॅमच्या आतच आला; हवी होती ५८ ते ७० ग्रॅम प्रथिने. खानदेशी ताटात ती बसवावयाची कशी? कळण्याच्या भाकरीत उडीद असल्याने ती उपयोगी, परंतु त्या पिठातले मीठ वर्ज्य. बिबडे व पापड यांत मीठ आणि पापडखार दोन्ही, म्हणून ते बंदच. जळगावच्या केळ्याचा अभिमान आम्हांसही आहे. पण एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते आणि ते रक्तात वाढले तर हृदय बंद पडते. शहाळ्याच्या पाण्याचेही तेच. भाज्या चिरून, पुष्कळ पाण्यात उकळून, ते पाणी टाकून द्यावे. सैंधव चालते असा समज आहे, तेही मीठच. आणि बाजारात कमी सोडियमचे म्हणून जे मीठ मिळते त्यात पोटॅशियम घातलेले असते, ते या रोग्यास विषासमान. पनीर व दूध मापाने घ्यावे, कारण त्यांतील फॉस्फरस हाडांस बाधतो. त्यावरील गोळी जेवणाबरोबरच घ्यावयाची, मागाहून नव्हे.

सर्वांत उत्तम प्रथिने अंड्याच्या पांढऱ्या भागात, फॉस्फरसही त्यात अत्यल्प. हे ऐकून घरात शांतता पसरली. आमच्या मातोश्री ८८ वर्षांच्या. सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत त्यांचाच शब्द चाले. त्यांनी जपाची माळ थांबवून एवढेच विचारले, “औषध आहे ना रे ते? मग खाऊ दे त्याला. भांडे वेगळे ठेवा म्हणजे झाले.” मागच्या पडवीत एक लहान शेगडी मांडली गेली. आपद्धर्मावर आम्ही जे संस्कृत आधार शोधीत बसलो होतो, त्यांची गरज उरली नाही.

उपवासाचा प्रश्न त्यामानाने कठीण गेला. बंधूंची एकादशी चाळीस वर्षांची. लंघनाची थोरवी आम्ही जाणतो. परंतु डायलिसिसच्या दिवशी पहाटे निघून दुपारी परतताना आठवड्याची दोन जेवणे आधीच बुडत होती. त्यात एकादशीची भर, आणि फराळाला शेंगदाणे व बटाटा, म्हणजे पुन्हा पोटॅशियम. शेवटी एकादशीचे नाम राहिले, उपवास भावजयीने आपल्याकडे घेतला. डायलिसिसच्या दिवशी आता डबा बरोबर जातो. रक्तदाब एकाएकी उतरणाऱ्यांनी यंत्र चालू असता जेवू नये, म्हणून बंधू आधीच खातात.

कोरडे वजन टप्प्याटप्प्याने ५८ वर आणल्यावर उशी पुन्हा एकच पुरू लागली. पाच महिन्यांनी अल्ब्युमिन ३.७ झाले आणि कोरडे वजन दीड किलोने चढले. या खेपेस ते पाणी नव्हते, दंडाचा घेरही वाढला होता. फडताळावरचा जुना कागद भावजयीने खरवडून काढला. नव्या कागदावर तारीख घातली आहे आणि दर महिन्याच्या तपासणीनंतर तो बदलावयाचा असे ठरले आहे. परवा लोणच्याच्या बरणीचे झाकण कोणास निघेना, ते बंधूंनी उघडून दिले. लोणचे अर्थात त्यांच्या पानात वाढले नाही. त्यावरून ते थोडे रागावलेही.