मृदेतील कीटकनाशक अवशेष
पिकांवर फवारलेल्या, बियाण्यास चोळलेल्या किंवा जमिनीत मिसळलेल्या कीटकनाशकाचा जो अंश मूळ अथवा बदललेल्या स्वरूपात मृदेत शिल्लक राहतो, त्यास मृदेतील अवशेष म्हणतात. अवशेष निम्म्यावर येण्यास लागणारा काळ म्हणजे अर्धायुकाल. तो द्रव्याच्या रचनेप्रमाणेच मृदा व हवामान यांवरही अवलंबून असतो.

अपघटन मुख्यतः तीन प्रकारे होते : सूर्यप्रकाशाने, पाण्याच्या विक्रियेने (जलीय विच्छेदनाने) आणि सूक्ष्मजीवांच्या एंझाइमांमुळे. इमिडाक्लोप्रिड उथळ पाण्यात उन्हाने काही तासांतच निम्मे होते. परंतु तेच बियाण्याबरोबर जमिनीत गेल्यास प्रकाश पोहोचत नाही व ते अनेक महिने टिकू शकते.

जालना जिल्ह्यात कपाशी, सोयाबीन व मोसंबी ही महत्त्वाची पिके आहेत. तेथील काळ्या मृदा बहुधा क्षारधर्मी असल्याने मॅलॅथिऑनसारख्या फॉस्फरसयुक्त द्रव्यांचे जलीय विच्छेदन जलद होते. मात्र मृत्तिका-कण व कार्बनी पदार्थ यांच्या पृष्ठभागास चिकटलेली द्रव्ये सूक्ष्मजीवांस सहज मिळत नाहीत. पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या काळात पडतो. एरवी कोरडवाहू जमीन सुकून सूक्ष्मजीवांचे कार्य मंदावते. उन्हाळ्यात या जमिनीस खोल भेगा पडतात. पहिल्या जोरदार पावसात, भेगा मिटण्यापूर्वी, वरच्या थरातील अवशेष त्यांवाटे खाली जाऊ शकतात. खालच्या थरांत सूक्ष्मजीव कमी असल्याने तेथे अपघटन सावकाश होते आणि भूजल दूषित होण्याचा संभव वाढतो.

मूळ द्रव्य नाहीसे झाले, म्हणजे धोका संपला असे नाही. एंडोसल्फानचे जलीय विच्छेदन झाल्यास कमी विषारी डायॉल बनते. पण सूक्ष्मजीवांकडून ऑक्सिडीभवन झाल्यास एंडोसल्फान सल्फेट बनते. ते मूळ द्रव्याइतकेच विषारी व त्याहून अधिक टिकाऊ असते. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी एंडोसल्फानच्या उत्पादनास, विक्रीस व वापरास देशभर मनाई केली. म्हणून मृदेच्या परीक्षणात मूळ द्रव्याबरोबर त्याची रूपांतरित द्रव्येही मोजावी लागतात.

कुजलेल्या शेणखताने सूक्ष्मजीवांची संख्या वाढते आणि अवशेष पाण्याबरोबर वाहून जाण्यास काहीसा अटकाव होतो. तथापि आवश्यकतेपुरताच व शिफारस केलेल्या मात्रेत वापर करणे, हाच अवशेष कमी ठेवण्याचा खात्रीचा मार्ग होय.