देवळातलं कासव आणि समुद्रातली बागेश्री



देवळात गेलं की आधी कासवाला हात लावायचा आणि मग देवापुढे उभं राहायचं, ही आपली लहानपणापासूनची सवय. पाय आत घेऊन मुकाट बसलेलं ते दगडी कासव. आज आम्ही त्याच्या समुद्रातल्या बहिणीबद्दल बोलणार आहोत. तिला पाय आत घेताच येत नाहीत, मानही नाही. तिचे पाय वल्ह्यासारखे चपटे असतात आणि त्या वल्ह्यांवर ती हजारो किलोमीटर पोहते.

नाशिकला कुठे आलाय समुद्र, असं कुणी म्हणेल. पण ब्रह्मगिरीकडे बघा. त्याच्या एका अंगाने गोदावरी निघते आणि थेट आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. त्र्यंबकच्याच डोंगरांतली वैतरणा मात्र पश्चिमेला, अरबी समुद्रात जाते. पेठकडची दमणगंगा, सुरगाण्याकडची पार, त्याही तिकडेच. म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं पाणी दोन्ही समुद्रांना जातं. पाण्याबरोबर आपण काय काय पाठवतो, ते तुम्हाला सांगायला नको.

आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं ते मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीचं कासव, साधारण चाळीस किलोचं. त्याहून मोठं, शंभर-दीडशे किलोंपर्यंत भरणारं हिरवं कासव आपल्या समुद्रात फिरतं, पण त्याची भारतातली अंडी घालायची ठिकाणं मुख्यतः लक्षद्वीप, अंदमान-निकोबार आणि गुजरातकडे. त्याला हिरवं म्हणतात ते पाठीवरून नव्हे, आतल्या चरबीच्या रंगावरून. मोठं झालं की ते जवळजवळ शाकाहारी होतं. समुद्राच्या तळाशी कुरणासारखं गवत उगवतं, ते चरतं. गाईगुरांसारखंच म्हणा ना! लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाजवळ ही कासवं इतकी जमली की त्यांनी गवत पार खुरटं केलं. त्या गवतात मासे वाढतात, त्यामुळे तिथले मच्छीमार कासवांवर नाराज झाले. कासव वाचवणं म्हणजे सगळं गोडच असतं असं नाही.

आपल्या संतांनी सांगितलेली एक समजूत आपण कीर्तनात ऐकलेली असते. कासवी पिलांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने वाढवते. खरी समुद्रकासवी मात्र नजरही टाकत नाही. रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी दीड-दोन फुटांचा खड्डा खणते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते. त्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतं. बाळंतवेणांनी रडते, असं लोक म्हणतात. खरं तर अंगातलं जादा मीठ ती डोळ्यांवाटे बाहेर टाकत असते.

पुढचं काम वाळूचं. पन्नास-पंचावन्न दिवस वाळूच अंडी उबवते, आणि मुलगा की मुलगी हेही वाळूच ठरवते. साधारण एकोणतीस-तीस अंशांच्या वर वाळू तापली की माद्या जास्त, खाली राहिली की नर जास्त. फारच तापली तर अंडीच वाया जातात. उन्हाळा दरवर्षी कसा चढतोय हे आपण शेतात बघतोच. उद्या सगळ्या माद्याच निघाल्या तर पुढचा वंश कसा चालायचा, ही अभ्यासकांची खरी काळजी आहे.

आता वेळासची गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात हे छोटं गाव आहे. पूर्वी कोकणात कासवाची अंडी काढून खायची, विकायची रीत होती. उरलेली कोल्ही-कुत्री खात. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, तिथे संरक्षण सुरू केलं. युक्ती साधी होती. गावातल्याच माणसांना कासवमित्र केलं. ते पहाटे किनारा चालतात, वाळूतला माग ओळखतात, अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात. पिल्लं निघायच्या सुमारास वर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात.

पुढे २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे येऊ लागले. मोठं हॉटेल नाही, म्हणून ते गावकऱ्यांच्या घरीच उतरतात. जेवणखाण घरातल्या बायका करतात आणि पैसा घरात येतो. आम्हाला विचाराल तर कासवं वाचली त्यात कायद्याइतकाच या चुलींचा वाटा आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अंडी खाणं गुन्हा ठरलंच होतं, पण रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावर कायदा थोडाच उभा असतो?

मग ही कासवं एरवी जातात कुठे? ते बघायला डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने आणि आपल्या वनखात्याच्या कांदळवन विभागाने जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खुणा पाठवणारं यंत्र बसवलं. तिचं नाव ठेवलं प्रथमा. ती गुजरातच्या बाजूला गेली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत गुहागरहून सोडलेली बागेश्री मात्र दक्षिणेला वळली, गोवा, केरळ, कन्याकुमारी करत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. उलटंही घडलं. ओडिशात २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली! सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचं अंतर. तोवर दोन्ही किनाऱ्यांची कासवं वेगळी, असंच धरून चालत.

एवढ्या वाटेवर सगळ्यात मोठा घात जाळ्यांचा. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं. जाळ्यात अडकलं की ते गुदमरतं. तुटून समुद्रात सोडलेली जाळी तर वर्षानुवर्षं तरंगत राहतात आणि पायांना काचतात. आपल्याला लागून असलेल्या पालघर जिल्ह्यात डहाणूला जखमी कासवांवर उपचार होतात. पावसाळ्यात तिथे पाय तुटलेली कासवं येतात. मच्छीमाराने जाळं कापून कासव सोडलं तर महाराष्ट्रात २०१८ च्या डिसेंबरपासून पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. हे आम्हाला फार शहाणपणाचं वाटतं. जाळं म्हणजे त्याचं शेतच, ते फुकट कापायला कसं सांगणार?

थोडी चांगली बातमीही आहे. हिरवं कासव जगभरात धोक्यातल्या यादीत होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने ते त्यातून काढलं, कारण कित्येक देशांत पन्नास वर्षं किनारे राखल्यावर त्यांची संख्या वाढली आहे. ऑलिव्ह रिडले अजून त्या यादीत आहे.

बचतगटाची सहल काढायची असेल तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वेळासला जा. आधी फोन करून घर ठरवा. किनाऱ्यावर बॅटरी लावायची नाही, कारण पिल्लं उजेडाकडे धावतात आणि समुद्राची वाट चुकतात. पिल्लांना हात लावायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. आणि दोन मुक्काम धरूनच जा, कारण कधी टोपली उचलली की खाली नुसती वाळू असते.