आभासी यंत्र आणि मौन पाळणारी आज्ञा
एका संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालवावयाची, तर पाहुण्या प्रणालीस अधिकारहीन ठेवून तिची प्रत्येक संवेदनशील आज्ञा हायपरवायझरला वाटेतच अडविता आली पाहिजे, अशी कसोटी पोपेक व गोल्डबर्ग यांनी १९७४ साली घालून दिली. एक्स८६ प्रोसेसर तीस उतरत नसे. 'पॉपएफ' हीच आज्ञा घ्यावी : अधिकाराविना तिने व्यत्यय रोखू पाहिले, तर ना व्यत्यय थांबतात, ना हायपरवायझरला वर्दी जाते. उघड नकारापेक्षा हे मौन घातक! व्हीएमवेअरने १९९९ साली अशा आज्ञा ऐन धावेत भाषांतरित केल्या. युक्ती चतुर खरी, पण बोजड. २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरातच पाहुण्यासाठी स्वतंत्र अवस्था योजली. तिच्या आधारे लिनक्समधील केव्हीएमला (२००७) आभासी यंत्र ही एक साधी प्रक्रिया मानता आली. 'किल' आज्ञेने तीही इतरांसारखीच संपते.