विश्लेषण : वितळत्या बर्फाच्या कडेला वाढणारा स्लाइम मोल्ड कसा ओळखतात?

आल्प्स पर्वतात वसंत ऋतूत बर्फ वितळू लागले, की त्याच्या कडेला दबलेल्या गवतावर आणि काटक्यांवर काळे-निळे, चमकदार दाणे दिसतात. आकाराने ते मोहरीएवढे किंवा त्याहून लहान असतात. हे आहेत ‘स्लाइम मोल्ड’. त्यांची नेमकी प्रजाती ओळखणे मात्र तज्ज्ञांनाही कठीण जाते.

ही बुरशी आहे का?

नाही. पूर्वी त्यांची गणना बुरशीत होत असे. प्रत्यक्षात ते अमीबाचे नातेवाईक आहेत. आयुष्याचा मोठा काळ ते सूक्ष्म पेशींच्या रूपात मातीत जिवाणू खाऊन जगतात. पुढे त्यांचा चिकट, सरपटणारा गोळा होतो आणि त्यातून बीजाणूंनी भरलेले दाणे तयार होतात.

बर्फाची गरज कशासाठी?

जाड बर्फ मातीवर गोधडीसारखे काम करते. वर हवा कितीही गार असली, तरी खालची माती शून्य अंशाच्या आसपास राहते आणि गोठत नाही. दोन-तीन महिने सलग बर्फ टिकले, तर या पेशींना वाढायला अवधी मिळतो.

ओळख कशी पटवतात?

नुसता रंग पाहून भागत नाही. दाण्याचे आवरण कसे फुटते, आतील तंतूंचे जाळे कसे आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. बीजाणू साधारण एक शतांश मिलिमीटरचा असतो. त्यावर काटे आहेत की जाळीदार नक्षी, हे पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची मदत घेतात.

स्विस अभ्यासक शार्ल मेलाँ यांनी १९१० मध्ये ‘लॅम्प्रोडर्मा अ‍ॅट्रोस्पोरम’ या प्रजातीचे वर्णन केले. तिच्या तंतूंच्या टोकांना आवरणाचे तुकडे चिकटून राहतात. मुख्यतः या खुणेमुळे २०११ मध्ये ती आणि तिच्यासारख्या प्रजाती ‘मेरिडर्मा’ या नव्या वंशात गेल्या.

डीएनएने प्रश्न सुटला का?

काही अंशी. डीएनए तपासणीत मेरिडर्माचे दिसायला सारखे असलेले काही नमुने प्रत्यक्षात वेगवेगळ्या गटांतले निघाले, आणि हे गट आपसात प्रजनन करत नाहीत. म्हणजे एका नावाखाली अनेक प्रजाती दडलेल्या असू शकतात. शिवाय दाणे दिसले नाहीत, तरी मातीतील डीएनएवरून या जीवांचा माग काढता येतो.

हे महत्त्वाचे का?

तापमानवाढीमुळे आल्प्समध्ये बर्फ टिकण्याचा काळ घटत आहे. गोधडी लवकर निघाली, तर उघडी माती गोठते आणि त्यातील पेशींना धोका पोहोचतो. प्रजातींची यादीच चुकीची असेल, तर त्यातली एखादी नाहीशी झाल्याचे कळणारही नाही. जंगलातील वाघ मोजण्याआधी त्यांच्या पट्ट्यांवरून ते वेगळे ओळखावे लागतात. इथे तेच काम बीजाणूवरच्या काट्यांपासून सुरू होते.