भुसा आणि प्लास्टिकची जोडी का तुटते?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग.

मी कोड लिहितो, पण गाव शहापूर तालुक्यात. माझ्या मावसभावाने मुरबाडला साठवलेले पैसे घालून एक प्रयोग केला: लाकडाचा भुसा आणि भंगारातलं प्लास्टिक एकत्र वितळवून फळ्या. उन्हाळ्यात एकदम झकास! पण भातसा, तानसा भरणारा आमचा पाऊस आला आणि बाकाची फळी फुगली. आजोबा बसले, कडकन मोडली. लागलं नाही, पण पैसे अडकले.

मोडलेली कड पाहिली. भुशाचे कण आख्खेच्या आख्खे निसटले होते, मागे फक्त रिकाम्या खाचा. म्हणजे दोघं चिकटलेच नव्हते.

कारण? लाकडातल्या सेल्युलोजवर हायड्रॉक्सिल गट असतात, त्यांना पाणी आवडतं. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापासून लांब पळतात. तेलकट ताट नुसत्या पाण्याने निघतं का? साबण लागतो, त्याचं एक टोक तेल धरतं, दुसरं पाणी. इथे ते काम मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेलं प्लास्टिक करतं. त्याचा अ‍ॅनहायड्राइड भाग लाकडाशी रासायनिक बंध करतो, लांब साखळी प्लास्टिकमध्ये गुंतते. साधारण 2 ते 5 टक्के पुरतं.

मग आम्ही काय बदललं?

भुसा आधी नीट वाळवला. ओला राहिला तर वाफ होऊन फळीत पोकळ्या पडतात.

प्लास्टिक वेगळं केलं. पाण्यात टाकलं की बाटल्यांचं पीईटी बुडतं. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन दोन्ही तरंगतात. ती ओळखायला त्रिकोणातला आकडा पाहायचा: 2 आणि 4 पॉलिथिलीन, 5 पॉलिप्रॉपिलीन. जोडणारा पदार्थही त्याच जातीचा घ्यायचा.

तापमान 200 अंशांच्या खाली ठेवलं, नाहीतर लाकूड करपतं.

मिश्रण सरकायला घातलेलं झिंक स्टिअरेट बंद केलं. ते जोडणाऱ्या पदार्थाच्याच कामात आडवं येतं.

मग जुना आणि नवा तुकडा वजन करून 24 तास पाण्यात बुडवले, पुसून परत वजन. नव्याने कमी पाणी प्यायलं. मोडून पाहिला, तर कण निसटण्याऐवजी तुटले होते. भाऊ पहिल्यांदा हसला!

तरी छपराच्या वाशांना हे वापरू नका. सतत भार राहिला की प्लास्टिक हळूहळू वाकतं. आमची नवी फळी सध्या अंगणात आहे. खरी परीक्षा पावसाळाच घेईल. आजोबांनी तोवर खाटेवरच बसायचं ठरवलंय.

भेटू पुढच्या भागात!